नाचणगावच्या मानाचा नारळ

पुलगाव,
९ जानेवारी १९५७

प्रिय प्रेमदास,
सप्रेम नमस्कार.

नत्थूची बातमी आधी देतो, कारण पाकीट फोडल्यावर तू तीच शोधशील. रविवारी तुझ्या धाकट्या भावाच्या संघाने आर्वीला हरवलं आणि नाचणगाव इलेव्हन फुटबॉल लीगमध्ये सगळ्यांत वर आली. आता एकच सामना उरला आहे, देवळीशी, २७ तारखेला आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी चषक नाचणगावात जाईल. हरले तर देवळी नेईल. ही सगळी पोरं अजून अनवाणीच खेळतात. घोट्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधतात, आणि काळ्या मातीची ढेकळं लागून नखं गेली तरी बोलत नाहीत. नत्थू मधल्या फळीत खेळतो. तो ओरडत नाही, नुसता हात वर करतो आणि चेंडू त्याच्याकडे येतो.

आता एका अडचणीबद्दल तुझा सल्ला हवा आहे. तू भुसावळला नोकरीवर गेलास त्यानंतर आम्ही ही लीग सुरू केली, म्हणून तिथली एक रीत तुला ठाऊक नसेल. शेवटच्या सामन्याआधी जो संघ वर असेल त्याच्या कप्तानाला समितीतर्फे नारळ दिला जातो. तो मैदानाच्या मधोमध मारुतीचं नाव घेऊन नारळ फोडतो, दोन्ही संघांना खोबरं वाटतो आणि मग शिट्टी होते. यंदा हा मान नत्थूचा. पण त्याने ऑक्टोबरात नागपूरला तुझ्याबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे. सगळ्या गावासमोर मी, समितीचा चिटणीस म्हणून, त्याच्या हातात नारळ ठेवायचा, आणि त्याने फोडला तर घेतलेली प्रतिज्ञा मोडायची, नाही फोडला तर त्यावरून मैदानात तंटा व्हायचा. त्याच्यावर ही पाळी येऊ नये असं मला वाटतं.

मी योजलं आहे ते असं: मैदान राखणाऱ्या तानबाकडून नारळ सकाळीच फोडून घ्यावा. मग दुपारी तो प्रश्नच उरणार नाही. नत्थूला आधी विचारावं का? काल मी रोजनिशीत लिहिलं की त्याला विचारणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं. आज ते वाक्य वाचलं आणि मला ते फार सोयीचं वाटलं. म्हणून तुला विचारतो.

गोपिकावहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर

———

भुसावळ,
१४ जानेवारी १९५७

प्रिय मनोहर,
सप्रेम नमस्कार.

तू कॉलेजातही असाच होतास. चेंडू पायात आला की विचार करत उभा राहायचास आणि तोवर समोरचा चेंडू घेऊन निघून जायचा. एवढ्याशा गोष्टीवर चार पानं लिहिलीस. तुझी योजना चांगली आहे. तसंच कर.

नत्थूला मात्र विचारू नकोस. विचारलंस तर तो पोरांना सांगेल, पोरं वस्तीत सांगतील, आणि सामना राहील बाजूला. आईने ऑक्टोबरात घरातले देव वर्धा नदीत सोडले तेव्हा वरच्या आळीत केवढं बोलणं झालं ते तुला माहीत आहे. दीक्षा घेतली म्हणजे रोज कुणाशी तरी झोंबलंच पाहिजे असं नाही. इथे माझ्या ऑफिसात कुणी मला विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. काम चालतं. आधी चषक घरी येऊ दे, बाकीचं मग बघता येईल.

एक कर, यात माझं नाव आणू नकोस. धाकटा भाऊ आहे, दादाने आपल्यामागे काही ठरवलं असं त्याला वाटायला नको.

गोपिका बरी आहे. सामन्याचा निकाल लगेच कळव.

तुझा,
प्रेमदास

———

पुलगाव,
२९ जानेवारी १९५७

प्रिय प्रेमदास,

सामना झाला नाही. चषक देवळीला गेला. तुला तार करायला पोस्टात गेलो होतो, पण तारेत काय लिहावं ते सुचेना, परत आलो.

घडलं ते क्रमाने लिहितो. माझ्या बाजूला झुकू नये असा प्रयत्न करतो आहे.

सकाळी तानबाने चुन्याच्या रेषा मारल्या आणि मी सांगितलं होतं तसा मैदानाच्या कोपऱ्यातल्या मारुतीपुढे नारळ फोडला. "मास्तर, आज सकाळीच?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दुपारी गर्दी असते. करवंट्या तिथेच राहिल्या. त्या उचलाव्यात हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आधी लिहिणार होतो. पण मारुतीपुढच्या करवंट्या कधी कुणी उचलत नाही, हे मला माहीत होतं.

दुपारी देवळीचे लोक ट्रक भरून आले. नाचणगावहून तर वस्तीच्या वस्ती आली, बायकासुद्धा. तुझी आई, कुंताबाई, पांढरं लुगडं नेसून गोलखांबाच्या मागे बसली होती. त्यांना मी मैदानावर पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळात लोकांना करवंट्या दिसल्या. माझ्या पाठीमागे दोघं बोलत होते.

"नारळ तं फुटला. यंदा मान नाचनगावचा होता ना?"

"म्हनून तं सकाळीच उरकला."

त्या वेळी उठून नत्थूकडे जाता आलं असतं. तो तेव्हा झाडाखाली बसून घोट्याला पट्टी बांधत होता. मी चहा सांगितला.

संघ आत आले. नत्थूने सदरा धुऊन इस्त्री करून घातला होता. तो आपल्या बाजूला गेला नाही, मधल्या वर्तुळात उभा राहून आमच्या टेबलाकडे बघत राहिला. पंचांनी शिट्टी तोंडात धरली तेव्हा तो चालत आमच्यापाशी आला.

"मास्तर, नारळ?"

"झाला नत्थू, सकाळीच."

"कोन फोडला?"

"तानबाने. मी सांगितलं होतं."

"काऊन?"

आमचे अध्यक्ष अण्णाजी बाजूला पान लावत बसले होते. ते म्हणाले, "आता खेळाच्या टायमाले काय पंचायत लावली बाबू? तुमी तं देव सोडले ना? मंग नारळ कायले पायजे?" टेबलाभोवतीचे काही जण हसले.

नत्थूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी मास्तरले इचारून राह्यलो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं." याहून खरं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते माझ्या एकट्याचं नव्हतं. म्हणून मी खाली पाहिलं.

देवळीचा कप्तान बंडूजी, भला माणूस, तो धावत आला. "चाल ना नत्थू. दुकान हे इथंच हाय. मी आनतो दुसरा नारळ, तू फोड, अन् खेळू आपन."

"तुह्यावर राग नाई बंडूजी," नत्थू म्हणाला. "पन तसं नाई ते."

मग तो टेबलापाशी नुसता उभा राहिला. तेवढ्यात पलीकडे कुंताबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि रस्त्याकडे चालू लागल्या. नत्थूने त्यांना जाताना पाहिलं आणि तोही निघाला. त्याच्यामागे एकेक करत सगळे अकरा. वस्तीतली माणसं उठली. मैदानाची ती बाजू रिकामी झाली.

पंच थांबले, मग त्यांनी शिट्टी दिली. मैदान सोडणाऱ्या संघाविरुद्ध निकाल द्यावा हा नियम लीग सुरू करताना मीच लिहिला आहे. अण्णाजींनी कागद पुढे केला, सही मी केली. देवळीच्या पोरांनी आधी चषकाला हात लावला नाही. "असा कप कोन नेते," बंडूजी म्हणाला. काल संध्याकाळी त्यांच्या गावची मंडळी बाजा घेऊन आली आणि चषक घेऊन गेली.

तुझं नाव मी घेतलं नाही.

मनोहर

———

भुसावळ,
२ फेब्रुवारी १९५७

मनोहर,

पत्र मिळालं. गोपिका निकाल विचारत होती, तिला मी फक्त हरले एवढंच सांगितलं.

मी लिहिलं होतं ते इतकंच की बोभाटा नको. तू तर सगळ्या मुलखासमोर बोभाटा केलास. नारळ मारुतीपुढेच फोड, करवंट्या लोकांना दाखव, असं मी लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं तू समितीशी बोलून ती रीतच बंद करशील, किंवा असंच काहीतरी शहाणपणाने करशील. आणि अण्णाजी बोलले तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही? इतकी वर्षं मी इथे लोकांना सांगत आलो की पुलगावात माझा एक मित्र आहे, तो त्यांच्यातला नाही.

नत्थूला मी कार्ड टाकलं आहे. हातातला चषक रागाने घालवला हे त्याचंही चुकलंच. त्याला तसं लिहिलं आहे.

प्रेमदास

———

नाचणगाव,
११ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,
नत्थूचा जय भीम.

तुहं कारड भेटलं. तू लिहिलं का राग करून कप घालवला. राग नोयता दादा. तुले सांगतो काय होतं ते.

मले मालूम होतं का यंदा नारळ माह्या हातात येनार. आईले बी सांगितलतं. ते म्हने, आपन देव नदीत सोडले अन् तू नारळ फोडशीन? मी म्हटलं, फोडनार नाई. पन हातात घेईन. सगळ्यायच्या समोर घेईन अन् बंडूजीले देईन. म्हनीन, हा तुमचा हाय, तुमी फोडा, आमी चेंडूले हात लावून सुरू करतो. एवढंच बोलाचं होतं. शेतात जातानी मनात घोकत जाओ. आई म्हने, असं असन तं मी पाहाले येतो. म्हनून ते आलती.

आपल्या बापाच्या जिंदगीत त्याच्या हातात कोनी नारळ देल्ला नाई. तो मांगतही नोयता. मले ते देनार होते. मंग घ्याचा का नाई घ्याचा हे माह्या हातात होतं. नाई म्हनाची पाळी पयल्यांदा आपल्या घरावर आलती दादा. तेच त्याइनं सकाळी उरकून टाकलं. मंग गोल करून काय करू.

आनखी एक. तानबा सांगत होता का सामन्याच्या आधी समितीच्या बैठकीत अन्नाजी बोलले, थ्यानं वाटलेलं खोबरं देवळीचे पोरं खातीन का. मास्तर तिथंच बसले होते म्हने. मास्तर वाईट मानूस नाई, मले माहीत हाय. म्हनून तं मी त्याइलेच इचारलं, अन्नाजीले नाई इचारलं. तू मास्तरचा दोस्त हायस. तू त्याइले लिहून पाहाजो का कोनाच्या म्हन्यानं केलं. एकट्याच्या मनानं असं करनारा तो मानूस नाई. कोनीतरी सांगितलं असन.

पोरं रोज संध्याकाळी येऊन बसतात. चेंडू काढत नाई. आई बरी हाय. वहिनीले जय भीम सांगजो.

तुहा,
नत्थू

———

भुसावळ,
२० फेब्रुवारी १९५७

प्रिय मनोहर,

नत्थूचं पत्र आलं. ते तुला जसंच्या तसं पाठवतो आहे, वाचून परत कर. मी ते ऑफिसात वाचलं आणि मग कामात लक्ष लागेना, पोटात दुखतं सांगून घरी आलो.

आधी माझं सांगतो. मी तुला हो म्हटलं होतं. नत्थूला विचारू नकोस हेही मीच लिहिलं होतं. मागच्या पत्रात ते विसरल्यासारखं लिहिलं, ते खोटं होतं. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी तुझ्यावरच उलटलो.

आता तुला विचारतो. अण्णाजींचं ते खोबऱ्याचं बोलणं तू ऐकलं होतंस का? तुझ्या पहिल्या पत्रात नत्थूच्या प्रतिज्ञेची काळजी होती. खोबऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते कळलं असतं तर मी हो म्हटलं नसतं असं मला वाटतं. खात्री मात्र देत नाही.

त्याला काय उत्तर लिहू? तो मलाच सांगतो आहे की शोधून काढ. कागदावर हे लिहिणं मला जमणार नाही. मे महिन्यात रजा आहे, येतो आणि समोर बसून सांगतो. तोवर तू काही बोलू नकोस.

तुझा,
प्रेमदास

———

पुलगाव,
२६ फेब्रुवारी १९५७

प्रिय प्रेमदास,
सप्रेम नमस्कार.

पत्र परत पाठवतो आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातलं 'मास्तर वाईट मानूस नाई' हे मला सगळ्यांत कठीण गेलं.

होय, अण्णाजी बोलले तेव्हा मी तिथे होतो. बैठक संपत आली होती, ते हसत बोलले, दुसरेही हसले. मी हसलो नाही, पण उत्तरही दिलं नाही. घरी जाताना मला नत्थूच्या प्रतिज्ञेची आठवण झाली. ती आठवण खोटी नव्हती. पण ती त्याच संध्याकाळी का व्हावी? दीक्षेला तर तेव्हा तीन महिने होत आले होते. मला वाटतं मी मैदानावरचा तो क्षण डोळ्यांसमोर आणला, नत्थू खोबरं पुढे करतो आहे आणि देवळीचे हात मागे राहतात, आणि मला तो बघायचा नव्हता. त्याचा अपमान मला सहन झाला नसता की माझ्या मैदानावर तमाशा झालेला मला नको होता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन्ही कारणं होती. त्यातलं जे बरं दिसत होतं ते मी तुला लिहून पाठवलं.

आणि हेही आता दिसतं की बंडूजीने ते खोबरं खाल्लं असतं. त्यालाही मी विचारलं नव्हतं. आपण दोघं शिकलेले, आपण टपालाने ठरवलं, आणि ज्यांच्यासाठी ठरवलं ते दोघं त्या दिवशी मैदानावर हाकेच्या अंतरावर होते.

चिटणीसपद सोडावं म्हणून अर्ज लिहिला. मग वाटलं, सोडून गेलो तर अण्णाजींना मोकळं रान. म्हणून फाडला. यातही सोय किती आणि विचार किती, देव जाणे.

तू सांगतोस म्हणून मी गप्प राहतो. पण मेपर्यंत फार दिवस आहेत. शनिवारी निघून ये, रविवारी परत जाशील.

तुझा,
मनोहर

———

पुलगाव,
१८ ऑगस्ट १९५७

प्रिय प्रेमदास,

मे महिन्यात तू येऊन गेलास हे मला तू गेल्यावर कळलं. माझ्याकडे आला नाहीस. त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही, मीही कदाचित आलो नसतो. तू नत्थूला सांगितलं असशील असं धरून चाललो होतो.

नव्या मोसमाचे अर्ज मागवले. सगळे संघ आले, नाचणगावचा आला नाही. काल मी स्वतः गेलो. वस्तीच्या पलीकडे, तुमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, पोरं आपापसांत खेळत होती. दोन्ही बाजूंना विटा ठेवून गोल केले होते. मला बघून कुणी थांबलं नाही. नत्थू काठावर बसला होता. तो उठला, मला घरात घेऊन गेला. कुंताबाईंनी चहा टाकला.

मी म्हटलं, नत्थू, यंदा ये. समितीत मी बोललो आहे. तुमचा संघ पुन्हा वर आला तर, अण्णाजी नको म्हणाले तरी, नारळ मी माझ्या हाताने तुला देईन, मग तू त्याचं काय करायचं ते कर.

तो म्हणाला, "आता नाई मास्तर. आता देल्ला तं तुमाले बरं वाटन. आमाले काय त्याचं?"

मी कपातला चहा पीत राहिलो. नत्थू राग धरून बोलत नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दादा मे मयन्यात आलता," तो म्हणाला. "लय दिवसानं आलता. मी इचारलं, दादा, मास्तरले लिहिलं होतं का? तं म्हने, लिहितो. मंग जेव्हा जेव्हा मी तुमचं नाव काढो, तेव्हा तो उठून बाहेर जाये. आईनं बी पाह्यलं."

मी कप खाली ठेवला.

"मास्तर, एक इचारतो. दादाले मालूम होतं?"

प्रेमदास, इथे मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. नाही म्हटलं असतं तर तू वाचला असतास, आणि या माणसाला मी दुसऱ्यांदा त्याच्या भल्यासाठी फसवलं असतं. हो म्हटलं असतं तर तुला दिलेला शब्द मोडला असता. मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. तुझा शब्द राखण्यासाठी मी गप्प बसलो, की दोषातला अर्धा वाटा आता तुझ्या नावावर जावा म्हणून, हे मी रात्रभर तपासलं. शुद्ध असं काही हाताला लागलं नाही.

नत्थू माझ्याकडे बघत होता. मग त्याने मान हलवली. "राहू द्या," तो म्हणाला. "खोटं नाई बोलले, बरं केलं."

कुंताबाई दारात दुसरा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. त्या आत आल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि नत्थूला म्हणाल्या, "तो लहानपनापासून तसाच हाय. घाबरते." एवढं बोलून त्या चुलीपाशी गेल्या आणि मी निघेपर्यंत पाठमोऱ्याच बसून राहिल्या. हे तुला लिहू की नको असं बराच वेळ झालं. पण तुझ्यापासून आणखी काही राखून ठेवण्याची माझी लायकी राहिलेली नाही.

नाचणगावचा संघ यंदा लीगमध्ये नाही. पुढच्या वर्षीही नसेल असं वाटतं. नत्थू मला सडकेपर्यंत पोचवायला आला, पावसाने चिखल झाला होता म्हणून कंदील घेऊन. वाटेत शेताचं बोलला, कपाशीला यंदा बोंडं चांगली धरतील म्हणाला. तुझं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्याला कळलं आहे. आईलाही. यापुढे घरी पत्र टाकशील तेव्हा त्यांना काही ठाऊक नाही असं समजून लिहू नकोस.

तुझा,
मनोहर